दोन कुलपांची खोली

धुरपताबाईच्या तेराव्याला तिच्या दोघा लेकांचं जे फाटलं, त्याला या संक्रांतीला दोन वर्षं झाली. वावर वाटलं, बैलं वाटली, पाटा-वरवंटा कुणाकडं म्हणून चिठ्ठ्या टाकल्या, अंगणात मधोमध भिंत उठली. वाटायची राहिली ती एकच गोष्ट, अंगणाच्या टोकाची कापसाची खोली. ती कुणाच्या हिश्श्यात येते ते सरकारी मोजणीशिवाय कळणार नव्हतं, आणि मोजणीवाल्याचा पाय काही ताडकळसच्या पुढं पडत नव्हता. शेवटी भावकीतले थोरले किशनराव मध्ये पडले. कापूस दोघांनी तिथंच टाकायचा, डाव्या अंगाला थोरल्या बन्सीधरचा, उजव्या अंगाला धाकट्या दत्तरावचा, आणि दाराला कुलपं दोन. दोघं भाऊ आल्याखेरीज दार उघडायचं नाही. एकट्यानं कुलूप तोडलं तर ती चोरी. हा तोडगा किशनरावांना स्वतःलाच इतका आवडला की त्यांनी तो स्टँप पेपरवर उतरवून घेतला आणि लग्नाकार्यात लोकांना सांगत फिरले.

किल्ली कुठं ठेवायची यावर मात्र दोघा भावांचं न बोलता एकमत झालं. खिशातली किल्ली बायको काढील, खुंटीवरची कुणीही काढील, कमरेच्या करदोड्याची कोण काढणार? दोघांनी किल्ल्या करदोड्याला बांधल्या. दोरा आखूड, त्यामुळं कुलूप उघडायचं म्हणजे दाराला पोट लावून टाचा उंचावून उभं राहावं लागायचं. दोघंही साठी ओलांडलेले, दोघांनाही पोट. वेचणीचा कापूस आला की किशनराव वार ठरवायचे आणि दोघं भाऊ एकमेकांकडं न बघता दाराला चिकटायचे. बन्सीधरची बायको नर्मदाबाई तेव्हा मुद्दाम घरात निघून जायची. तिला हसू आलं असतं, आणि हसायला शेजारी जाऊ नव्हती.

जाऊ म्हणजे दत्तरावची कुसुमबाई. दोघींनी तीस वर्षं एका चुलीवर भाकरी थापल्या, एकमेकींची बाळंतपणं काढली. भिंत नवऱ्यांनी घातली आणि अबोला बायकांना पाळावा लागला. आधी लाजेनं, मग सवयीनं, मग आता आपण आधी कसं बोलायचं म्हणून.

पिल्लू आलं ते दिवाळीनंतर. ताडकळसच्या बाजारात उसाच्या ट्रॅक्टरखाली एक कुत्री गेली, आणि तिच्या पिल्लांपैकी उरलेलं एक नालीच्या काठाला थरथरत बसलेलं नर्मदाबाईनं पाहिलं. कुत्र्यामांजरांचा तिला फार लळा होता असं नाही. पण तिनं ते उचललं, भाजीच्या पिशवीत मेथीच्या जुडीवर ठेवलं आणि घरी येऊन चार दिवसांपुरतं म्हणून सांगितलं. त्या चार दिवसांचे दोन महिने झाले. बन्सीधर त्याला 'ते ध्यान' म्हणायचा आणि कुणी बघत नसलं की दुधाची साय टाकायचा.

अंगणातली भिंत खोलीच्या दोन हात अलीकडंच थांबवली होती, दोन्हीकडून दारापर्यंत पोचता यावं म्हणून. माणसं ती दोन हातांची फट ओलांडत नव्हती. पिल्लू दिवसातून दहा वेळा ओलांडायचं. एकदा ते तिकडून आलं ते कानामागं काजळाची तीट लावून. नर्मदाबाई त्या तिटेकडं बराच वेळ बघत बसली. मग तिनं त्याच्या गळ्यात लाल नाडा बांधला. दुसऱ्या दिवशी नाडा थोडा सैल होऊन, वर नीट गाठ मारून परत आला. दोन वर्षांत जावाजावांचं एवढंच काय ते बोलणं झालं होतं.

आणि आता शनिवारी सकाळी ते पिल्लू कापसाच्या खोलीत रडत होतं.

"आत्याबाई, गुरुवारपासून ते घरी न्हाईच की," सून प्रियांका म्हणाली. "मला वाटलं, तिकडं हाय."

"मला बी तसंच वाटलं," नर्मदाबाई म्हणाली आणि दाराला कान लावला. गुरुवारी शेवटच्या वेचणीचा कापूस आत टाकला होता, तासभर दार सताड उघडं होतं. त्या गडबडीत ते आत शिरलं असणार, ऊब लागली तसं झोपलं असणार. वरून दोन भावांनी दोन कुलपं घातली. त्यानंतर दोन रात्री गेल्या, आणि पोटात पाण्याचा थेंब नाही.

भिंतीच्या पलीकडून कुसुमबाई आली. फटीपाशी थांबली. जावेकडं न बघता सुनेला म्हणाली, "काय गं पोरी, तुमच्याकडं नव्हतं का?"

"न्हाई काकू. आमाला वाटलं, तुमच्याकडं हाय."

कुसुमबाईनं तोंडाला पदर लावला. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात, ते असं. दोन्ही घरांनी दोन दिवस वाटी भरून ठेवली होती आणि दोन्ही घरांना वाटलं होतं की आज तिकडं जास्त लाड झाले.

प्रियांकानं दाराखालून भाकरीचा तुकडा सरकवला. पण आवाज येत होता तो पार मागून, कापसाच्या ढिगाच्या आणि पाठभिंतीच्या मधून. तिथं ते घसरून पडलं होतं आणि त्याला वर चढता येत नव्हतं. मग तिनं नळी आणली, तर ओसरीवरून बन्सीधर ओरडला.

"पानी सोडती का काय? कापूस भिजून पिवळा पडंल की सगळा."

नर्मदाबाई ओसरीवर गेली. "मग कुलूप काढा."

"माझं कुलूप काढायला कितीसा येळ लागतो? त्याचं कोन काढंल?"

"तुमी म्हना त्याला."

"मी म्हनू? थोरला मी हाय."

"थोरल्यानंच म्हनायचं असतं."

"तेराव्याला चार मानसांत कोन म्हनलं होतं, आपलं नातं आईसंगं गेलं म्हून? मी का त्यो?" बन्सीधरनं चहाची बशी खाली ठेवली. "त्याला तोंड उघडू दे. मग माझं कुलूप हायच."

ते वाक्य दत्तराव बोलला होता, हे खरं. त्याच्या आधी बन्सीधर काय बोलला होता तेही नर्मदाबाईला पाठ होतं, पण ते या घरात काढायची रीत नव्हती. तेवढ्यात भिंतीपलीकडून दत्तरावचा आवाज आला. बोलत होता बायकोशी, पण इकडं ऐकू जाईल असा.

"बुधवारी मानवतला कापूस न्यायला टेम्पो येनारच हाय. तवा निघंल ते. त्याच्या आधी कुनाला घाई असंल तर त्यानं सांगावं."

बुधवारला चार दिवस होते.

प्रियांकानं किशनरावांना फोन लावला. ते आले, आणि त्यांची खुर्ची बरोबर फटीत मांडली, दोन पाय या अंगणात, दोन त्या. दोन्ही घरांतून चहा आला. त्यांनी दोन्ही घेतले. मग चष्मा लावून तो कागद वाचला, मनातल्या मनात एकदा आणि मोठ्यानं एकदा.

"कागदात कुत्र्याचं कलम न्हाई," ते म्हणाले.

"कापसाचं हाय की," नर्मदाबाई म्हणाली. "कापसासाठी वार ठरवता, तसा आजचा ठरवा."

"वैनी, ठरल्यापरमानं वार पडलाय बुधवार. मधी उघडायचं तर एकानं दुसऱ्याला म्हनाया पायजे, बाबा उघड. कोन म्हनतंय?"

कुणीच म्हणालं नाही. बन्सीधर खोलीच्या पत्र्याकडं बघत होता, दत्तराव चुडाव्याच्या स्टेशनाच्या दिशेनं, जणू गाडी यायची होती. आत पिल्लू रडत होतं.

"बरं," किशनराव म्हणाले, "मंग दोघं येकदम म्हना. कुनाचाच कमीपना न्हाई. मी तीन मोजतो. एक. दोन. तीन."

दोघांनी तोंडं उघडली. दोघंही दुसरा बोलतो का ते बघायला थांबले. दोघांनी तोंडं मिटली.

"ह्यो दगाबाज हाय," बन्सीधर किशनरावांना म्हणाला.

"त्येंनाच इचारा, कोन दगाबाज हाय ते," दत्तरावही किशनरावांनाच म्हणाला.

किशनरावांनी कागदाची घडी घातली. "आता जनावरच हाय ते. बुधवारी बगू," असं म्हणून ते गेले, आणि खुर्ची तशीच फटीत राहिली.

नर्मदाबाई घरात आली. तूर निवडायला बसली आणि निवडलेलीच परत निवडली. वरणात मीठ टाकलं, टाकलं की नाही ते आठवेना, परत टाकलं. आवाज यायचा तेव्हा तो ऐकवत नव्हता. तो थांबला की त्याहून वाईट व्हायचं. ती हातातलं टाकून खोलीपाशी जायची, पाठभिंतीला कान लावायची, पुन्हा बारीकसा आवाज आला की परत यायची. असं किती वेळा झालं ते तिनं मोजलं नाही. एकदा गेली तर कुसुमबाई आधीच तिथं होती, भिंतीला कान लावून. दोघींची नजर एक क्षण भिडली. कुसुमबाई खाली बघत निघून गेली. बराच वेळ उभी असावी, तिच्या गालावर विटांची लाल धूळ लागली होती.

हे पिल्लू मेलं तर काय होईल ते नर्मदाबाईला स्पष्ट दिसत होतं. भाऊ म्हणतील, दुसऱ्यामुळं मेलं. आपणही तेच म्हणू, कुसुमही तेच म्हणेल, आणि मग कानामागची तीट नाही, नाड्याची गाठ नाही, काहीच नाही. उरलेलं आयुष्य भिंतीला तोंड करून काढायचं.

दुपारी बन्सीधर खारट वरणाबद्दल चार शब्द बोलून जेवला आणि ओसरीवर बाजेवर आडवा झाला. त्याचा डावा कान गेलेला होता. उजव्या कानावर निजला की त्याच्या उशाशी बँड वाजवला तरी तो उठत नसे. तो उजव्या कानावर निजला.

आवाज थांबून बराच वेळ झाला होता. नर्मदाबाई खोलीपाशी जाऊन आली. या वेळेला तो पुन्हा सुरू झाला नाही.

तिनं बाजेपाशी बसून नवऱ्याची बंडी वर सारली. किल्ली पोटाच्या वळीत रुतून बसली होती. गाठ दोन वर्षांच्या आंघोळींनी दगड झालेली. तिनं नखं लावली, दात लावायचाही विचार केला. मग उठली आणि सुनेच्या शिलाई मशीनवरची कातर घेतली.

जिवंत नवऱ्याचा करदोडा कुणी कापत नाही. झिजला तर आधी नवा बांधायचा, मग जुना सोडायचा, कंबर मोकळी ठेवायची नाही. कातर लागते ती एकदाच, माणूस गेल्यावर, नेताना. धुरपताबाईनं मरायच्या आदल्या वर्षी आपल्या हातानं दोघा लेकांना एकाच दिवशी काळे करदोडे बांधले होते, दोन्हींत एकेक भोकाचा पैसा ओवून. नर्मदाबाईला हे सगळं माहीत होतं. तिचा डावा हात आपोआप गळ्यातल्या मण्यांकडं गेला. उजव्या हातानं तिनं करदोडा कापला.

बन्सीधर घोरत राहिला. ती चपला न घालता अंगण ओलांडून गेली.

तिनं आपल्या घरचं कुलूप उघडलं. दुसरं तसंच होतं. ते ओढून, हलवून काही व्हायचं नव्हतं हे तिला कळत होतं, तरी ती ते ओढत राहिली.

"कोन हाय तिकडं?" दत्तराव तरातरा फटीपाशी आला. "कागद केलाय म्हनावं. एकट्यानं हात लावला तर..."

 त्यानं तिच्या हातातली किल्ली पाहिली. किल्लीला लोंबणारा काळा दोरा पाहिला, त्यातला पैसा पाहिला, कापलेलं टोक पाहिलं. मग तिच्या तोंडाकडं बघितलं. सकाळपासून रडून तिचे डोळे सुजले होते, केस सुटले होते.

"वैनी," तो म्हणाला. दोन वर्षांतला पहिला शब्द. "दादा..."

झोपलेत, एवढंच सांगायचं होतं. तो शब्द तिच्या ओठावर आला. आणि तिनं तो गिळला. घाईत नाही, गोंधळात नाही. आपण काय करतोय ते पुरतं समजून तिनं तोंड मिटलं आणि दिराच्या डोळ्यांत बघत उभी राहिली.

दत्तरावनं खुर्ची ढकलली आणि पळत सुटला. एक चप्पल या अंगणात राहिली, एक त्या.

मागून कुसुमबाई आली होती. तिनंही दोरा पाहिला. भिंतीच्या टोकाला हात टेकला आणि तिथंच, आपल्याच बाजूला, खाली बसली.

नर्मदाबाई दिरामागं धावली, कारण आता तिचं तिलाच भय वाटायला लागलं होतं. ओसरीवर दत्तराव भावाच्या पायांवर पडला होता.

"दादा, म्या चुकलो रे. म्या बोलायला पायजे होतं. दादा."

बन्सीधर हलला नाही. तोंड उघडं, हात बाजेखाली लोंबणारा, आणि घोरणं थांबलेलं.  कातर लावली ती घटकाच वाईट होती की काय? तिनं पुढं होऊन नवऱ्याचा खांदा धरला आणि इतक्या जोरानं हलवला की बाज करकरली.

बन्सीधरनं डोळे उघडले. पायांशी रडणारा भाऊ बघून तो धडपडत उठून बसला.

"कोन गेलं रं?" त्यानं घाबरून विचारलं.

दत्तरावनं मान वर केली. "तू," तो म्हणाला.

बन्सीधरला हे समजून घ्यायला वेळ लागला. "मी?" तो म्हणाला. त्याचा हात कमरेकडं गेला. तिथं काही नव्हतं. त्यानं बायकोकडं बघितलं.

"कापलास?"

"कापला."

"जित्या मानसाचा?"

"तिकडं जित्या जिवाला मारायला बसलाव दोघं," नर्मदाबाई म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. "मग म्या काय करू? बुधवारची वाट बगू?"

एरवी बन्सीधरनं घर डोक्यावर घेतलं असतं. पण दत्तरावचं रडं थांबत नव्हतं. भाऊ जिवंत आहे हे कळूनही थांबत नव्हतं, उलट वाढलं होतं, आणि त्याचं डोकं बन्सीधरच्या नडग्यांवर होतं. बन्सीधरला आपल्या हातांचं काय करावं ते कळेना. शेवटी त्यानं एक हात त्या टकलावर ठेवला.

"उठ. मी हाय की," तो म्हणाला. आणि मग, "उठ दत्ता. कुलूप काढ. त्ये लेकरू मरंल तिकडं."

दत्तराव दाराला पोट लावून उभा राहिला. डोळ्यांत पाणी, किल्ली भोकात जाईना. बन्सीधरनं एका हातानं धोतर सावरलं आणि दुसऱ्या हातानं भावासाठी कुलूप धरलं. दार उघडलं.

आत नर्मदाबाई शिरली. तिच्या मागून अजून कुणीतरी शिरलं. कमरेएवढ्या कापसातून दोघी पाठभिंतीकडं सरकल्या आणि दोन्ही हातांनी कापूस मागं फेकू लागल्या. डावा-उजवा ढीग एक झाला. धुरळा उडाला, नाकातोंडात तंतू गेले. कुसुमबाईचा हात आधी लागला.

"हाय," ती म्हणाली. "गरम हाय."

पिल्लाचं तोंड कापसानं माखलेलं होतं, जीभ कोरडी ठाक. प्रियांकानं तांब्या आत दिला. कुसुमबाईनं पदराचं टोक भिजवून त्याच्या तोंडात थेंब थेंब पिळलं. चार-पाच थेंब बाहेर सांडले. मग जीभ हलली. मग ती पदर चाटायला लागली, आणि दोघी जावा कापसात मटकन बसल्या.

कुसुमबाई पाणी पिळत राहिली. वर न बघता म्हणाली, "मला खरंच वाटलं."

"ठावं हाय."

"पाय उचलंना. हे पळाले तुमच्याकडं, आन माझा पाय उचलंना. दोन वर्सं आले न्हाई, आता दादा गेल्यावर कोन्या तोंडानं जाऊ म्हून तिथंच बसले." तिनं नाक पुसलं. "खरं असतं तर म्या भिंतीपल्याडूनच रडले असते, बाई."

 नर्मदाबाई रडली, तोंड न झाकता, आणि कुसुमबाई पाणी पिळत राहिली.

दाराबाहेर भावांचं सुरू झालं होतं. बन्सीधर म्हणत होता, की त्याचा कापूस तिकडच्या अंगाला फेकला गेला. दत्तराव म्हणत होता, की कापसावर काय तुझं नाव लिवलंय का. बन्सीधर म्हणत होता, की नाव लिवायला लावू नको, माझं बियाणं चांगलं होतं. दोघांचेही आवाज चढले होते, आणि मध्ये कुणी किशनराव नव्हते.

नर्मदाबाईनं पिल्लू उचलून जावेच्या ओटीत ठेवलं.

"आज तुझ्याकडं ऱ्हाऊ दे. थोडं थोडं पाजावं लागंल, तुला जमतंय त्ये. सकाळी घेऊन ये."

"सकाळी सोडते की. येतंय त्याचं त्ये."

"सोडू नको," नर्मदाबाई म्हणाली. "तू घेऊन ये."